कमरेची तालीम

प्रेमलाची कंबर धरली ती तिळाच्या डब्यापायी. संक्रांत तोंडावर आली होती, डबा ओट्याखालच्या कप्प्यात पार मागे सरकला होता आणि तो ओढायला ती वाकली ती तशीच राहिली. खाली बसता येईना, वर उठता येईना. सून तनुजा ऑफिसची बॅग खांद्याला लावून, निघता निघता पाणी प्यायला आत आली, तेव्हा तिला ओट्याखाली डोकं घातलेली सासू दिसली.

"आई, काय शोधताय?"

"काय न्हाई शोधत. आधी मला सरळ कर."

सरळ व्हायला तासभर लागला. त्या दिवशी तनुजाचं ऑफिस बुडालं, तीळ डब्यात राहिले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. थोडी झीज आहे, स्नायू ढिले पडलेत, व्यायाम शिकून घ्या आणि वजन अजिबात उचलू नका. गोळ्या लिहून दिल्या. प्रेमलाने बाकीचं सगळं मान डोलावून ऐकलं. 'वजन उचलू नका' म्हटल्यावर मात्र तिची मान डोलायची थांबली.

कारण चैत्रात यात्रा होती, आणि यात्रेला हारा होता.

कर्वेनगरच्या मागच्या अंगाला प्रेमलाचं सासर. गाव म्हणायचं ते आता सवयीने. महापालिकेने ते कधीच पोटात घातलं होतं. जिथे ज्वारी व्हायची तिथे बारा मजली सोसायट्या उभ्या होत्या, विहीर बुजवून त्यावर कुणी तरी मुलांची बाग केली होती, आणि प्रेमलाच्या गोठ्यात भाडेकरूंच्या दुचाक्या लागत होत्या. राहिला होता तो भैरोबा. चैत्रातल्या यात्रेला त्याचा पहिला नैवेद्य प्रेमलाच्या नवऱ्याच्या, हिंदुरावांच्या घरचा, हा मान पिढ्यान् पिढ्यांचा. वेताचा मोठा हारा घ्यायचा, त्यात पुरणपोळ्या, भात, कणकेचे दिवे, नारळ असं सगळं रचायचं. घरधन्याने तो देवघरापुढच्या पाटावरून उचलून आपल्या कारभारणीच्या डोक्यावर द्यायचा. तिने तो वाटेत कुठेही न टेकवता देवळापर्यंत न्यायचा, आणि तिथे पुन्हा घरधन्यानेच उतरवायचा. तिसऱ्या माणसाचा हात लागला की नैवेद्य बाटला. ज्या घराला जमत नाही त्या घराचा मान भाऊबंदांत पुढच्या घरी जातो. आणि गेलेला मान परत येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काठीचा मान एका घरून असाच गेला होता आणि ती माणसं अजून यात्रेला खाली मान घालून येत होती.

पुढचं घर म्हणजे चुलतदीर मच्छिंद्र आणि त्याची बायको मुक्ताई.

प्रेमलाला मानाची हाव होती असं म्हणणं खरं नाही. तिला तो रस्ता हवा होता. एरवी त्याच रस्त्याने ती भाजी आणायला जाई तेव्हा मोटारी तिला हॉर्न वाजवून बाजूला करत, आणि सोसायटीचा वॉचमन, जो परवा परवा कुठून तरी आला होता, तो तिला "किधर जाना है?" असं विचारत असे. ज्या जमिनीवर त्याची खुर्ची होती तिथे प्रेमलाने भुईमूग उपटला होता. पण वर्षातून एक दिवस, डोक्यावर हारा घेऊन ती निघाली की हलगी पुढे चाले, गाड्या थांबत आणि बारा मजल्यांवरची माणसं गॅलरीत येऊन खाली तिच्याकडे बघत. त्या दिवशी ती या गावची होती. तो दिवस सोडायची तिची अजिबात तयारी नव्हती.

तनुजाने फिजिओथेरपिस्ट शोधून काढली ती स्पृहा. वय तनुजाएवढंच, माहेर शनिवार पेठेत, जीभही तिथलीच. तिने प्रेमलाला वाकवलं, वळवलं, एका पायावर उभं केलं, आणि मग हात पुसत विचारलं, "काकू, तुम्हाला नुसतं दुखणं थांबवायचंय, की काही करायचंय?"

असं तिला डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. घरात तर कुणीच विचारलं नव्हतं. प्रेमला सावरून बसली. "हारा न्यायचाय," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

"भरल्यावर जड किती होतो?"

"दोनतीन वर्सांचं पोरगं कडंवर घेतल्यागत."

"यात्रा कधी?"

"चैत्रात."

स्पृहाने मनाशी हिशेब केला. "होईल. पण मी सांगेन ते, सांगेन तेवढंच आणि रोज. दुखलं की थांबायचं. आणि आपली हुशारी त्यात घालायची नाही. हे शेवटचं कोणालाच पटत नाही, पण सांगणं माझं काम आहे."

व्यायाम घरीच करायचे होते. पाठीवर निजून गुडघे मोडायचे आणि पोट हळूच आत घेऊन श्वास सोडायचा. मग तसंच निजून बूड उचलायचं, थोडं थांबायचं, खाली आणायचं. मग हातापायांवर रांगत्या मुलासारखं होऊन पाठ मांजरीसारखी वर करायची आणि खाली सोडायची. आणि एक असा होता की उताणं पडून दोन्ही हात आणि दोन्ही पाय हवेत धरायचे, आणि एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय सावकाश खाली न्यायचा. याला प्रेमलाने पहिल्याच दिवशी 'उलटं झुरळ' असं नाव ठेवलं. स्पृहाला ते इतकं आवडलं की तिने बाकीच्या पेशंटनाही तेच सांगायला सुरुवात केली.

पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून प्रेमलाने पहिल्यांदा उलटं झुरळ केलं, तेव्हा हिंदुराव चहा पीत खाटेवर बसले होते. हिंदुराव एकेकाळचे पैलवान. दोन्ही कान मोडलेले, मान अजून बैलासारखी, आणि भिंतीवरच्या काचेच्या कपाटात चांदीची गदा. जमिनी गेल्या, म्हशी गेल्या, तरी ती गदा दर दसऱ्याला चिंच लावून लख्ख होत असे. त्यांनी बशी खाली ठेवली आणि बराच वेळ बायकोकडे पाहिलं.

"हा व्यायाम हाय का झोप हाय?"

"डाक्टरीणबाईनं सांगितलाय."

"आगं, घाम कुठंय ह्याच्यात? घाम न्हाई तर त्यो व्यायाम कसला! तालमीचा एकच कायदा हाय. अंग मोडलं पायजे. मोडलं म्हंजी मग जुळून येतंय."

आणि त्या दिवसापासून हिंदुराव वस्ताद झाले. कुस्ती सुटल्यापासून या माणसाला आयुष्यात खरं असं काम राहिलं नव्हतं. भाडं गोळा करायचं, पारावर बसायचं, दुसऱ्याच्या पोरांच्या कुस्त्या बघून नाक मुरडायचं, एवढ्यावर दिवस चालले होते. आता घरातच पठ्ठा मिळाला. ते पहाटे उठून प्रेमलाला उठवू लागले. खांद्यावर टॉवेल टाकून, कमरेवर हात ठेवून सतरंजीच्या कडेला उभे राहू लागले. स्पृहाने सांगितलेले आकडे त्यांना पोरखेळ वाटले, म्हणून ते दुप्पट केले, मग तिप्पट. बूड उचलून थोडं थांबायचं होतं, तिथे "धर! दम धर! आजून धर!" असं प्रेमलाचे पाय लटलटेपर्यंत चाले. मांजर झाल्यावर त्यांनी त्यात थोडे जोर घातले. झुरळानंतर बैठका आल्या. आणि खुराक! रात्री बदाम भिजत घालायचे, पहाटे सोलून पाट्यावर वाटायचे, दुधात तूप सोडून त्यात ते कालवायचे आणि भरला पेला स्वतः तिच्या हातात द्यायचा.

प्रेमलाने हे चालवून का घेतलं, असं तनुजाने नंतर विचारलं. खरं कारण असं की ते बदाम तिला फार गोड लागले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दोन बाळंतपणं झाली, टायफॉइड झाला, पण नवरा आपल्यासाठी पाट्यापुढे बसलाय हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पाट्याचा तो घरर घरर आवाज ऐकत ती पहाटे अंथरुणात पडून राही आणि तिला नवी नवरी असल्यासारखं वाटे. अशा माणसाला 'पुरे' कसं म्हणायचं? म्हणून कंबर ठणकायला लागली तरी ती दात आवळून दम धरत राहिली.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी भाकरी थापताना कळ अशी आली की परातीत हात तसेच राहिले. या वेळी सरळ व्हायला तास नव्हे, अख्खा दिवस गेला.

तनुजा दोघांनाही गाडीत घालून घेऊन गेली. स्पृहाने प्रेमलाला तपासलं, रोज काय काय करता ते विचारलं आणि ऐकता ऐकता तिच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"जोर? बैठका? हे मी सांगितलं होतं?"

प्रेमलाने नवऱ्याकडे पाहिलं. हिंदुरावांनी छताकडे पाहिलं.

"काका, आपण पैलवान होतात हे आपल्या कानांवरून कळतंच. पण काकूंना कुस्ती मारायची नाहीये. त्यांना टोपली न्यायची आहे. आपण कष्ट घेतलेत याबद्दल आभार. आता ते घेऊ नका."

इतका गोड अपमान करून घ्यायची हिंदुरावांना सवय नव्हती. गावाकडे असं काही बोलायचं तर लोक आधी आवाज चढवत, त्यामुळे माणसाला तयारीला वेळ मिळे.

घरी आल्यावर प्रेमला खाटेची दांडी धरून सावकाश बसली आणि म्हणाली, "अहो, ऐका. तुमचा बदाम मला पचला, तुमची तालीम न्हाई पचली. आजपासनं माझा वस्ताद मीच."

"म्हंजी मी चुकलो म्हण की."

"चुकलासा. आन् मीबी चुकले. दुखत हुतं, बोलले न्हाई."

ती हे रागाने बोलली नव्हती, पण हिंदुराव रुसले. पाटा बंद झाला. प्रेमलाने सतरंजी आतल्या खोलीत नेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. श्वास सोडत पोट आत. इतकं हळू की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई झोपली आहे. सांगितलेला आकडा झाला की ती थांबे, मग अंगात कितीही जोर असो. हे थांबणंच तिला सगळ्यात अवघड गेलं. जन्मभर तिने काम संपल्यावर थांबायचं असतं एवढंच ऐकलं होतं, आणि तिचं काम कधी संपलंच नव्हतं.

बाहेरच्या खोलीतून मात्र पहाटे आता वेगळाच आवाज येऊ लागला. हिंदुराव स्वतः जोर मारत होते. खरा व्यायाम कसा असतो ते बायकोला भिंतीपलीकडून ऐकू यावं म्हणून मोठ्याने हुंकार देत. प्रेमला आतून हसे आणि आपलं मांजर करत राही. शिमग्याच्या आधी केव्हा तरी तो आवाज बंद झाला. रुसवा दमला असेल, असं तिला वाटलं. त्यानंतर दारातलं वर्तमानपत्र ते उचलेनासे झाले, चपला पायानेच ओढून घालू लागले, जेवायला जमिनीवर न बसता खाटेवरच ताट मागू लागले. "रागावल्यात अजून," ती तनुजाला म्हणाली. "आई, बाबा फारच ड्रामा करतात," तनुजा म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला.

इकडे प्रेमलाची कंबर हळूहळू तिच्या कह्यात येऊ लागली. आधी दुखायचं थांबलं नाही, पण दुखणं केव्हा येणार ते कळू लागलं. मग ते यायच्या आधीच तिला अंग कसं धरायचं ते कळलं. खाली पडलेला चमचा उचलताना ती आता कमरेत मोडत नसे. गुडघे आणि कुल्हे वाकवून, पाठ फळीसारखी ठेवून खाली जाई. तिळाचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवला होता, तो मुद्दाम पुन्हा ओट्याखाली मागे सारला आणि एक गुडघा टेकून अलगद काढला. त्या दिवशी तिने एकटीनेच स्वयंपाकघरात गूळ खाल्ला.

स्पृहाने पुढचे धडे दिले. खुर्चीवरून हात न लावता उठणं. मग एक गुडघा जमिनीला आणि दुसरा पाय पुढे रोवून, पाठ ताठ ठेवून उभं राहणं. "रस्त्यात ठेच लागली, वाकावं लागलं, खाली बसावं लागलं, तर पाय कामाला यायला हवेत. कमरेने फक्त गप्प राहायचं," स्पृहा म्हणाली. मग डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर आधी रिकामी पाटी, मग तिच्यात तांदळाची पिशवी, मग मोठी पिशवी. तनुजा समोर उभी राहून मोबाइलवर चित्रण करी आणि स्पृहाला पाठवी. एकदा उत्तर आलं : "नावं ठेवायला जागा नाही. त्रास होतोय मला." हे कौतुक आहे, असं तनुजाने सासूला समजावून सांगितलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्ताई समाचाराला आली. कंबर कशी आहे, झोप लागते का, असं सगळं विचारून झाल्यावर तिने सुस्कारा टाकला. "जाऊबाई, उगा हट्टाला पेटू नका. जीव हाय तर सगळं हाय. आमच्या ह्यांनी बुरूड आळीतनं नवा हारा आणून ठिवलाय. आपला असावा म्हणून, बरं का. आडीअडचणीला."

"बरं केलं भावजींनी," प्रेमला म्हणाली. "कांदं भरून ठिवायला येतोय कामाला."

आणि तिच्यासाठी चहा टाकायला ती उठली ती गुडघा टेकून, हात न लावता. मुक्ताईने ते पाहिलं आणि चहा आल्यावर त्यात साखर जास्त झाली असं म्हणाली.

यात्रेच्या दिवशी घर पहाटेपासून पुरणाच्या वासाने भरलं होतं. पोळ्या झाल्या, भात झाला, कणकेचे दिवे रचून झाले. प्रेमलाने हिरवं नऊवारी लुगडं नेसलं, नाकात नथ घातली. अंगणात हलगीवाले येऊन उभे राहिले, भाऊबंद जमले, ओसरीवर बाया दाटल्या. मच्छिंद्र नवा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे, उंबऱ्याला अगदी लागून उभा होता. प्रेमलाने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि देवघरापुढे ताठ उभी राहिली. आपली कंबर आज दगा देणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोळी लाटताना तिने कमरेचा विचारसुद्धा केला नव्हता.

हिंदुराव पाटापुढे आले. हाऱ्याच्या दोन्ही कडा धरायला वाकले, आणि अर्ध्यात थांबले.

चेहऱ्याचा रंग उतरला. ओठ घट्ट मिटले. एक हात हाऱ्याकडे गेला होता तो तसाच हवेत राहिला. बघणाऱ्यांना वाटलं, पैलवान देवाला नमस्कार करतायत. प्रेमलाला तसं वाटलं नाही. तिळाच्या डब्यापुढे आपला चेहरा नेमका असाच झाला असणार, हे तिला एका क्षणात कळलं. आणि त्याबरोबर दारातलं वर्तमानपत्र, पायाने ओढलेल्या चपला, खाटेवर मागितलेलं ताट, सगळं एकदम कळलं. जोर मारताना या माणसाची कंबर गेली होती, आणि इतके दिवस तो ती रुसव्याखाली लपवून बसला होता. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण दुखणं लपवण्याची विद्या तिला पाठ होती आणि तरीही तिने ती ओळखली नव्हती.

हलगी क्षणभर अडखळली. मच्छिंद्रने उंबऱ्याच्या आत पाय टाकला. "दादा, देऊ का हात?"

"थांबा, भावजी," प्रेमला म्हणाली. आवाज इतका ठाम होता की मच्छिंद्रचा पाय आपोआप बाहेर गेला.

ती एक पाऊल पुढे आली, आणि सगळ्यांच्या देखत हिंदुरावांच्या समोर, हाऱ्याच्या पलीकडे, सावकाश एक गुडघा टेकून बसली. पाठ ताठ, चुंबळ जागच्या जागी. पदराआडून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं ती बोलू लागली.

"माझ्याकडं बघा. वाकू नका. गुडघा टेका, माझ्यावानी."

"प्रेमला, न्हाई जमायचं गं मला."

"जमतंय. देवघराची चौकट धरा आन् खाली या. कमरंनं न्हाई, पायानं."

हिंदुरावांनी चौकट धरली. ज्या माणसाने कुणापुढे गुडघा टेकला नव्हता, निदान स्वतः तसं सांगत आला होता, तो बायकोसमोर एक गुडघा टेकून बसला.

"हारा वडून छातीशी घ्या. अजून जवळ. आता मांडीवर ठिवा. पोट आत घ्या. श्वास सोडा... सोडत सोडत वर."

हारा मांडीवरून उचलला गेला आणि चुंबळीवर बसला. प्रेमलाने दोन्ही हातांनी कडा धरल्या. आता उरलं होतं ते तिचं काम. पुरणपोळ्यांनी, भाताने, नारळांनी भरलेला हारा डोक्यावर घेऊन जमिनीवरून उठायचं. स्पृहाने सांगितलेलं काही आठवायची तिला गरज पडली नाही. पुढचा पाय रोवला, श्वास सोडला, आणि ती उभी राहिली. एकही दिवा हलला नाही.

हलगीवाल्यांना काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी देवाचा ठेका सोडून कुस्तीचा धरला. ओसरीवरच्या बाया "भैरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून ओरडल्या. हिंदुराव चौकटीला धरून उठेपर्यंत प्रेमला उंबऱ्यात थांबली, आणि मग दोघं रस्त्याला लागले.

मोटारी थांबल्या होत्या. वॉचमन खुर्ची सोडून उभा होता. गॅलऱ्यांत माणसं होती, बरीचशी मोबाइल धरून. प्रेमला नजर समोर ठेवून चालली होती. शेजारी हिंदुराव काठीसारखे ताठ चालत होते; कंबर वळतच नव्हती, तर करणार काय! "पैलवानाचा रुबाब बघा अजून," पारावरचं कुणी तरी म्हणालं.

"कवा धरली?" प्रेमलाने ओठ न हलवता विचारलं.

"शिमग्याच्या आधी."

"जोर मारताना?"

"हूं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते," प्रेमला म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "लई दुखतंय का?"

"लई," हिंदुराव म्हणाले. इतक्या वर्षांत तिने त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. डोक्यावर हारा होता म्हणून, नाहीतर ती तिथेच रडली असती.

देवळातही तसंच झालं. ती गुडघा टेकून बसली, ते तिच्यासमोर बसले, हारा आधी त्यांच्या मांडीवर आणि मग देवापुढे आला. तिसऱ्या कुणाचा हात लागला नाही. हे काय नवीन, अशी कुजबुज मागे सुरू झाली होती. तेव्हा गावातली सगळ्यात म्हातारी बाई, जिला डोळ्यांनी नीट दिसतही नव्हतं, ती पायरीवरून म्हणाली, "नवं कुठलं! जुनी रीत हाय ही. आमच्या सासूच्या येळंला असंच गुडघं टेकून देत हुते. तुमीच इसरला." मग दोघातिघांनाही आठवलं की हो, असंच होतं. मुक्ताईने त्या संध्याकाळी घरी दार लावून गुडघा टेकून बघितला म्हणतात, आणि तिला उठवायला मच्छिंद्रला यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रेमलाने पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, आणि तिच्या शेजारी दुसरी. स्पृहाला तनुजाने रात्रीच कळवलं होतं. तिचं उत्तर आलं होतं : "काकांना सोमवारी आणा. तोवर फक्त पहिला व्यायाम. काकूंच्या देखरेखीखाली."

हिंदुराव चांदीच्या गदेखाली उताणे निजले, गुडघे मोडून. मोडलेल्या कानांचा तो मोठा देह सतरंजीवर मावत नव्हता. प्रेमला त्यांच्या बाजूला बसली आणि त्यांच्या पोटावर हात ठेवला.

"पोट आत. हळू. दम न्हाई धरायचा."

"एवढंच?"

"सांगितलंय तेवढंच."

त्यांनी श्वास सोडला. मग ते छताकडे बघत, जरा चाचरतच म्हणाले, "आन्... खुराक?"

"बदाम वाटून ठिवलेत," प्रेमला म्हणाली. "आधी श्वास सोडा."